रक्त काढण्याआधी विचारले होते का?

गरोदरपणाचा तिसरा महिना सुरू असतो. बोधेगाव, चापडगाव, दहिगावकडची एखादी सून सासूबरोबर शेवगावला तपासणीसाठी येते. वजन होते, रक्तदाब मोजला जातो, सोनोग्राफी होते. मग "रक्त द्यायचंय, तिकडे बसा" असे सिस्टर सांगतात. सून बाही वर करते. रक्त कशासाठी हे ती विचारत नाही आणि तिला कोणी सांगतही नाही. हिमोग्लोबिनसाठी असेल, असे सासू धरून चालते. आठवडाभराने नवरा रिपोर्ट आणायला जातो, तेव्हा काउंटरवर तीन-साडेतीन हजारांचे बिल पुढे येते. त्यावर 'डबल मार्कर' असे लिहिलेले असते. ही कसली तपासणी, असे विचारले तर उत्तर मिळते, "बाळासाठी असते, सगळ्यांचीच करतो."

हा कोणा एकीचा किस्सा नाही. तालुक्याच्या गावांत थोड्याफार फरकाने कुठेही घडू शकणारी गोष्ट आहे. कुठे डबल मार्करऐवजी 'एनआयपीटी' असते आणि बिलाचा आकडा पाच अंकी होतो. कुठे 'एएनसी प्रोफाइल' नावाच्या पॅकेजमध्ये न मागितलेल्या चार तपासण्या बसवलेल्या असतात. पैसे भरण्यावाचून दुसरा काही मार्ग आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. कापसाचे पैसे यायचे असतात, उसाचे बिल कारखान्याकडे अडकलेले असते. तरी कुणाकडून तरी उसने घेऊन दवाखान्याचे बिल चुकते केले जाते. कारण पुढचे सहा महिने त्याच डॉक्टरांकडे यायचे असते.

गरोदर बाई दवाखान्याची पायरी चढली म्हणजे तिने तिथल्या प्रत्येक तपासणीला होकार दिला, असे कायदा मानत नाही आणि वैद्यकीय नीतीही मानत नाही. तेव्हा 'तुम्ही तेव्हाच का नाही विचारले' हा प्रश्न घरच्यांना करण्याआधी 'तुम्ही रक्त काढण्याआधी विचारले होते का' हा प्रश्न काउंटरच्या पलीकडे जायला हवा. आमचे म्हणणे इतकेच आहे. मात्र ते नीट मांडायचे तर आधी या तपासण्या काय आहेत ते पाहावे लागेल, कारण सगळ्या तपासण्या एका मापाने मोजणे डॉक्टरांवरही अन्याय करणारे आहे आणि बाळंतिणीवरही.

हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, कावीळ-ब आणि सिफिलिस या तपासण्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या झाल्याच पाहिजेत. त्यात काटकसर नको. रक्तक्षय वेळेवर कळला तर बाळंतपणातला जीवघेणा धोका टळतो. एचआयव्ही किंवा सिफिलिस कळले तर बाळाला होणारा संसर्ग रोखता येतो. तरीसुद्धा एचआयव्हीच्या तपासणीला समजावून घेतलेली संमती लागतेच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा तसे सांगतो आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. म्हणजे तपासणी कितीही गरजेची असली, तरी विचारणे सुटत नाही.

डबल मार्कर, क्वाड्रुपल मार्कर आणि एनआयपीटी या वेगळ्या जातीच्या तपासण्या आहेत. बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती, एवढेच त्या सांगतात. दोष आहेच किंवा नाहीच, असा निकाल देत नाहीत. डबल मार्कर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. त्यात आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात आणि त्याच सुमाराच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी बघून दोन्हींचा एकत्र हिशेब मांडतात. एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर करता येते. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, त्यांची ही मोजणी असते. तिचा दर साधारण १० हजारांच्या पुढेच सुरू होतो. केंद्र सरकारची मातृवंदना योजना पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये देते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या बिलाचे वजन कळते.

आता थोडा हिशेब करू. सर्व वयांच्या गरोदर स्त्रियांत मिळून साधारण हजारात एका बाळाला डाऊन सिंड्रोम असतो असे धरा. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. पंचविशीत ते याहून कमी असते, चाळिशीत शंभरात एकापर्यंत जाते. समजा १० हजार गरोदर स्त्रियांची डबल मार्कर आणि सोनोग्राफी मिळून तपासणी झाली. त्यांतल्या साधारण दहा जणींच्या बाळांना दोष असेल. तपासणी त्यांतली आठ-नऊ बाळे हेरेल. पण त्याच वेळी निरोगी बाळ असलेल्या सुमारे ५०० जणींच्या रिपोर्टवरही 'हाय रिस्क' असा शेरा येईल, कारण या तपासणीत शंभरात पाच खोट्या धोक्याच्या सूचना गृहीतच धरलेल्या असतात. म्हणजे 'हाय रिस्क' आलेल्या दर पन्नास-साठ जणींमागे एकीच्या बाळाला खरोखर दोष असतो. एनआयपीटी यापेक्षा कितीतरी अचूक आहे. तिच्यात डाऊन सिंड्रोमची शंभरातली ९९ बाळे सापडतात आणि खोटी सूचना हजारात एकीलाही क्वचितच येते. तरी १० हजारांच्या त्याच हिशेबात दहा खऱ्या सूचनांबरोबर काही खोट्या येतातच. म्हणून खात्री करायची तर गर्भजल तपासणीच करावी लागते. ती सुई पोटातून घालून करायची असते आणि तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

हा हिशेब आधी सांगितला नाही तर काय होते? रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क' दिसते आणि घराचे धाबे दणाणते. शेवगावहून नगर साठ-पासष्ट किलोमीटर. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी एसटीत तिकीट मागताना अजून 'नगर'च तोंडात येते. तिथून पुढे पुणे, नाहीतर पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगर. दुसरी सोनोग्राफी, एनआयपीटी, गर्भजल तपासणी, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. बहुतेक वेळा शेवटी निघते की बाळ ठणठणीत आहे. तीन हजारांचे पहिले बिल हा त्या खर्चाचा नुसता आरंभ असतो. या वाटेवर पाऊल टाकायचे की नाही, उत्तर आले तर त्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईचा आणि तिच्या घराचा आहे. काहींना बाळात दोष असला तरी ते हवेच असते. त्यांच्यासाठी ही तपासणी फक्त मनाची तयारी करण्यापुरती. काहींना कळायलाच हवे असते. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. पण विचारलेच नाही तर निर्णय झाला असे कसे म्हणायचे?

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला असा आहे की गुणसूत्रदोषाची चाळणी तपासणी वयाचा विचार न करता प्रत्येक गरोदर स्त्रीला सुचवावी. सुचवली नाही आणि दोष असलेले बाळ जन्माला आले, तर 'आम्हाला सांगितले का नाही' म्हणून ग्राहक आयोगात खेचले जाण्याची भीती असते. ही भीती खोटी नाही. शिवाय तपासणीचे आठवडे ठरलेले असतात. "घरी विचारून येते" म्हणून गेलेली बाई ऊसतोडीला किंवा माहेरी निघून गेली की चौदावा आठवडा उलटलेला असतो. ओपीडीत साठ-सत्तर पेशंट बसलेले असताना प्रत्येकीला हजारात एकाचा हिशेब समजावणे अवघडच आहे. हे सगळे मान्य. पण 'सुचवावी' आणि 'करून टाकावी' यांत फरक आहे आणि तो फरक पेशंटच्या खिशातून वसूल होतो. वेळ नसेल तर छापील पान द्यावे. सिस्टरने दोन मिनिटे वाचून दाखवावे. कायद्याच्या भीतीने तपासणी करणाऱ्याने त्याच कायद्याची लेखी संमतीची अट विसरावी, हे पटणारे नाही.

दुसरे कारण उघडपणे बोलले जात नाही. रक्त बाहेरच्या लॅबला पाठवले की पाठवणाऱ्याला वाटा मिळतो, अशी कुजबुज प्रत्येक तालुक्याच्या गावात असते. सगळेच डॉक्टर असे नसतात, उलट नसणाऱ्यांनाच या प्रथेचा अधिक जाच होतो. लासलगावसारख्या ग्रामीण भागात अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि 'साथी' संस्थेचे डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरच्या डॉक्टरांच्याच मुलाखती घेऊन या दलालीवर पुस्तक लिहिले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून 'कट प्रॅक्टिस'विरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. तो मसुदाच राहिला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत कमिशन घेण्या-देण्यावर स्पष्ट बंदी आहे. त्याच संहितेत आणखी एक साधे वाक्य आहे, ज्याचा अर्थ असा की डॉक्टरने आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. किराणा दुकानात तेलाची पिशवी घेताना आपण आधी भाव विचारतो. दवाखान्यात तेवढेसुद्धा विचारायची चोरी वाटते. तो संकोच पेशंटचा आहे, पण त्याचा फायदा पेशंटला होत नाही.

संमती म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' या खटल्यात सविस्तर सांगितले आहे. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून पोटाची तपासणी करून घ्यायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोशही काढले. पुढे तिने बिल भरले नाही, डॉक्टरांनी त्याची तक्रार केली आणि तिने नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने म्हटले की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची निकड असेल तर गोष्ट वेगळी. आणि सज्ञान, शुद्धीवर येणार असलेल्या बाईऐवजी आईची संमती चालत नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हेही न्यायालयाने नमूद केले. तरी त्या शस्त्रक्रियेची फी डॉक्टरांना मिळणार नाही, असे ठरले आणि वर २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. तिथला वाद शस्त्रक्रियेचा होता, रक्ततपासणीचा नाही, त्यामुळे ओढूनताणून तुलना नको. पण संमतीशिवाय केलेल्या कामाची फी नाकारता येते, हे त्या निकालातून स्पष्ट होते. नगरच्या ग्राहक आयोगात जाणाऱ्याने हा निकाल जवळ ठेवावा.

गर्भाच्या तपासण्यांसाठी तर खास कायदा आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आपण फक्त 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' या पाटीवरून ओळखतो. (असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये.) याच कायद्याच्या पाचव्या कलमात असे आहे की गर्भनिदानाची प्रक्रिया करण्याआधी तिचे ज्ञात दुष्परिणाम गर्भवतीला समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतिपत्राची एक प्रत तिला द्यावी. संमती तिची, नवऱ्याची किंवा सासूची नाही. गर्भनिदान तपासणीच्या कायद्यातल्या व्याख्येत गुणसूत्रदोष शोधण्यासाठी केलेली गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही येते. गर्भजल तपासणीच्या वेळी हा लेखी सोपस्कार सहसा कसोशीने पाळला जातो. रक्त काढताना मात्र तो सोडून दिला जातो, किंवा इंग्रजी फॉर्मवर 'इथे सही करा' म्हणून उरकला जातो. मराठी वाचणाऱ्या बाईकडून इंग्रजी कागदावर घेतलेल्या सहीला समजून दिलेली संमती म्हणता येणार नाही.

राज्यातली एक तरतूद कामाची आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली. त्यानुसार खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. त्या दरपत्रकात पॅथॉलॉजी आणि सोनोग्राफीचे दरही धरलेले आहेत. तक्रारीसाठी स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष चालवायचा आहे. महापालिका नसलेल्या शेवगावसारख्या गावांसाठी ते प्राधिकरण म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आणखी एक हक्क आहे, तपासणी आणि औषधे कुठून घ्यायची हे निवडण्याचा. 'आमच्याच लॅबमधून रिपोर्ट पाहिजे' ही अट त्या हक्काशी जुळत नाही. रिपोर्टचा दर्जा हवा, हे डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे. पण मग दोन-तीन विश्वासाच्या लॅब सांगून निवड पेशंटवर सोडता येते.

मोठे भगदाड आहे ते लॅबच्या बाबतीत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि शुश्रूषागृहाचा कायदा खाटा नसलेल्या स्वतंत्र लॅबला लागू होत नाही. त्यामुळे शेवगावात एसटी स्टँडजवळ रक्त गोळा करणारे केंद्र असो की मुंबईतली मोठी प्रयोगशाळा, तिच्या दरांवर आणि पावत्यांवर नजर ठेवणारे असे कोणी नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. हाती आलेल्या रिपोर्टवर ती सही आहे का, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे. नसेल तर बिलावर हरकत घ्यायला ते आणखी एक कारण झाले.

मग असे बिल हातात पडले तर करायचे काय? आवाज चढवायचा नाही, हे पहिले. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा कडक आहे, आणि एकदा काच फुटली की बिलाचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. शांतपणे तपशीलवार बिल मागा, प्रत्येक तपासणी आणि तिचा दर वेगळा दाखवणारे. एकरकमी आकड्याची चिठ्ठी घेऊ नका. नंतर विचारा की ही तपासणी कोणत्या चिठ्ठीवर लिहिली होती आणि संमती कुठे आहे. डबल मार्करचे रक्त लॅबला पाठवताना एक मागणीपत्र भरावेच लागते. त्यात आईचे वय, वजन, शेवटच्या पाळीची तारीख आणि सोनोग्राफीतली मापे लिहिल्याशिवाय धोक्याचा हिशेब निघत नाही. त्या मागणीपत्राची प्रत मागा. त्यावर सही असेल तर ती कोणाची, नसेल तर का नाही, हे त्या कागदावरून लगेच दिसते. आमच्या मते या सगळ्या भांडणातला सर्वांत उपयोगी कागद हाच आहे आणि तो मागण्याचे कोणालाच सुचत नाही.

ज्या तपासण्या तुम्हाला सांगून झाल्या त्यांचे पैसे द्या, पावती घ्या. ज्यांना हरकत आहे त्यांच्याबद्दल डॉक्टरांच्या किंवा लॅबच्या नावे अर्ध्या पानाचा अर्ज द्या: अमुक तारखेला रक्त काढले, अमुक तपासणी सांगितली नव्हती, दर सांगितला नव्हता, संमती घेतली नव्हती, म्हणून ही रक्कम मान्य नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रिपोर्ट अडकून पडेल आणि पुढची तपासणी खोळंबेल अशी वेळ असेल, तर पैसे भरा, पण 'हरकत ठेवून भरले' असे अर्जात लिहा. बाळाच्या तपासणीचे आठवडे भांडणात घालवणे शहाणपणाचे नाही. पैसे नंतरही मागता येतात. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात असा आमचा कयास आहे, कारण लेखी अर्ज आला की काउंटरवरचा माणूस तो आतल्या खोलीत घेऊन जातो.

मिटले नाही तर पुढच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. खाटांचे रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. फी आधी सांगितली नाही, कमिशनचा संशय आहे, अशी तक्रार डॉक्टरविरुद्ध असेल तर मुंबईतल्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. मात्र परिषद डॉक्टरला समज देऊ शकते, तुमचे पैसे परत मिळवून देणे हे तिचे काम नाही. पैशासाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 'आयएमए विरुद्ध व्ही. पी. शांता' या १९९५ च्या निकालापासून ठरलेले आहे. लॅबही त्यात येते. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे नमुना मुंबईच्या लॅबला गेला असला तरी मुंबईला जावे लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. तीन हजारांसाठी नगरच्या चकरा परवडत नाहीत, हे खरे आहे. पण एका गावातल्या सात-आठ जणींची सारखीच बिले एकत्र आली तर तो तीन हजारांचा प्रश्न राहत नाही. आशाताईंना हे कोणापेक्षाही लवकर कळते. त्यांनी अशी बिले एका वहीत नोंदवून ठेवली तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना ती नाकारता येणार नाहीत.

हे दुखणे आपल्याकडेच आहे असेही नाही. मुलगी-जावई न्यूजर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असलेल्या घरांना तिकडच्या बिलांच्या गोष्टी ठाऊक असतात. डॉक्टरने रक्त काढलेले असते आणि महिन्याभराने भलत्याच लॅबचे शेकडो डॉलरचे पत्र येते. 'पॅनोरमा' नावाची एनआयपीटी विकणाऱ्या 'नतेरा' कंपनीने सरकारी विमा योजनांकडे चुकीच्या पद्धतीने बिले लावल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये १ कोटी १४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. १ जानेवारी २०२२ पासून तिथे अनपेक्षित बिलांविरुद्धचा कायदा लागू आहे. विमा नसलेल्या किंवा विमा न वापरणाऱ्या पेशंटला खर्चाचा लेखी अंदाज आधी द्यावा लागतो आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले तर त्याविरुद्ध दाद मागता येते. त्या कायद्यातही पळवाटा आहेत, पण लेखी अंदाज ही कल्पना उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे विमा सहसा दवाखान्यात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो. गरोदरपणातल्या तपासण्यांचे पैसे रोख मोजावे लागतात. म्हणून आधी आकडा कळण्याची गरज आपल्याला अमेरिकेपेक्षा जास्त आहे.

आणखी एक पर्याय शेवगावकरांच्या दारात आहे आणि तो बिल येण्याच्या आधीचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत आहे. शेवगावचे ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यात येतात. गरोदर स्त्रियांसाठी तर ही सोय जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातून २०११ पासूनच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. गरजेच्या सगळ्या रक्ततपासण्या तिथे होतात. डबल मार्कर आणि एनआयपीटी तिथे सहसा होत नाहीत, आणि सोनोग्राफीसाठी कधी दुसरीकडे पाठवतात. पण हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्हीचे रिपोर्ट तिथून घेऊन खासगी डॉक्टरांकडे गेले तर 'प्रोफाइल'च्या पॅकेजची गरजच उरत नाही. 'टॉर्च' आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी सरसकट प्रत्येक गरोदर बाईची करावी अशी शिफारस नाही. त्या बिलात दिसल्या तर कारण विचारायला संकोचू नये.

एक काम मात्र पेशंटवर ढकलण्यासारखे नाही. शेवगावच्या डॉक्टरांच्या संघटनेने, लॅबचालकांनी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसून मराठीतले एक पान तयार करावे. त्यावर कोणत्या तपासण्या कराव्याच लागतात, कोणत्या ऐच्छिक आहेत, ऐच्छिक तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, तिचा आजचा दर किती आणि शेवटी 'हवी' व 'नको' असे दोन चौकोन असावेत. सही गरोदर बाईची, प्रत तिच्या फाइलमध्ये. वाचता न येणाऱ्या बाईला ते सिस्टरने वाचून दाखवावे आणि तसे लिहावे. याने डॉक्टरांचीही सुटका आहे: 'सुचवले होते, नको म्हणाल्या' याचा पुरावा त्यांच्याजवळ राहतो आणि ग्राहक आयोगाची भीती कमी होते. खर्च म्हणाल तर एका झेरॉक्सचा. पुढच्या ९ तारखेच्या तपासणीला ग्रामीण रुग्णालयातच ते वाटायला सुरुवात करता येईल.

तोवर ज्यांच्या घरी असे बिल आधीच येऊन पडले आहे त्यांनी पावती, चिठ्ठी, रिपोर्ट आणि व्हॉट्सअॅपवर आलेले निरोप जपून ठेवावेत. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची असते.